विश्लेषण : उन्हाळी सुट्टीत विमानाचे स्वस्त तिकीट मिळते कसे? पनवेलकरांना नवा विमानतळ किती फायद्याचा?

मे महिना जवळ आला की पनवेल, खारघर, कामोठे, कळंबोलीतील घराघरांत सुट्टीचा हिशेब सुरू होतो. रेल्वेचे आरक्षण प्रतीक्षा यादीत अडकलेले असते आणि विमानाचे दर दिवसागणिक चढत असतात. त्यातच २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्याने पनवेलकरांपुढे नवी मुंबई, मुंबई आणि पुणे असे तीन पर्याय आले आहेत. यांपैकी कोणता स्वस्त, हे केवळ तिकिटाच्या दरावरून ठरत नाही. घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा खर्च मांडला, की अनेकदा उत्तर बदलते.

उन्हाळ्यात दर इतके का वाढतात?

पहिले कारण शाळांचे वेळापत्रक. राज्य मंडळाच्या बहुतांश शाळांना मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. मुले असलेल्या कुटुंबांना याच सहा आठवड्यांत जायचे आणि यायचे असते. उत्तर भारतातील अनेक शाळांची सुट्टी मेच्या मध्यानंतर सुरू होऊन जूनअखेरपर्यंत चालते. त्यामुळे काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड अशा थंड हवेच्या ठिकाणी दोन्हीकडच्या पर्यटकांची गर्दी एकत्र होते.

दुसरे कारण म्हणजे मागणी वाढली तरी विमाने तेवढ्या झपाट्याने वाढत नाहीत. कधी कधी तर ऐन हंगामात ती कमी होतात. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली, तर ३ मे २०२३ पासून गो फर्स्टची. दोन्ही वेळा सुट्टीच्या तोंडावर बाजारातील हजारो आसने एकदम नाहीशी झाली आणि उरलेल्या कंपन्यांचे दर वाढले. आज देशांतर्गत बाजाराचा बहुतांश वाटा इंडिगो आणि एअर इंडिया समूह या दोघांकडे आहे. एखाद्या मार्गावर एकाच कंपनीची उड्डाणे असतील, तर दर खाली येण्याचे कारणच उरत नाही.

तिसरे कारण इंधन. विमानाचे इंधन अजून जीएसटीच्या बाहेर असून त्यावर राज्ये मूल्यवर्धित कर लावतात. महाराष्ट्राने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी हा कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला. नवी मुंबई विमानतळ रायगड जिल्ह्यात येतो. मात्र इंधनावरील कर कमी झाला, की तिकीट तेवढेच उतरते असे नाही. हंगामात दर ठरवते ती मुख्यतः मागणी.

एकाच विमानात दोन प्रवाशांचे दर वेगळे कसे?

विमान कंपनी सगळी आसने एकाच दराने विकत नाही. आसनांचे टप्पे पाडलेले असतात. सर्वांत स्वस्त टप्प्यात मोजकी आसने असतात. ती संपली, की पुढच्या महाग टप्प्यातली आसने विक्रीला येतात. विक्री कशी होते आहे, उड्डाणाला किती दिवस राहिले आहेत, हे पाहून कंपनीची संगणक यंत्रणा टप्प्यांतील आसने कमी-जास्त करत राहते. म्हणूनच सकाळी पाहिलेला दर संध्याकाळी नसतो.

कुटुंबासाठी तिकीट काढताना ही गोष्ट विशेष महत्त्वाची. समजा, स्वस्त टप्प्यात दोनच आसने उरली आहेत आणि शोध चौघांसाठी घेतला. अशा वेळी अनेकदा चारही आसनांना पुढच्या टप्प्याचा दर लागतो. त्यामुळे आधी एका, मग दोन आणि मग चार प्रवाशांसाठी दर पाहावा. प्रतिप्रवासी दरात फरक दिसला, तर तिकिटे दोन भागांत काढता येतात. मात्र १२ वर्षांपर्यंतचे मूल आणि आई-वडिलांपैकी किमान एक जण एकाच पीएनआरवर हवेत. अशा मुलाला पालकाशेजारी आसन देण्याची सूचना नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०२४ मध्ये कंपन्यांना दिली आहे. पीएनआर वेगळे केले, तर तिची मदत होत नाही. शिवाय उड्डाणाची वेळ बदलली, तर दोन्ही तिकिटांचे बदल वेगवेगळे करून घ्यावे लागतात.

सरकार दरांवर मर्यादा का घालत नाही?

१९९४ मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना नियमित सेवेची दारे उघडली. तेव्हापासून दर ठरवणे हे कंपन्यांचे काम आहे. डीजीसीएचा दर देखरेख कक्ष २०१० पासून काही निवडक मार्गांवर लक्ष ठेवतो. कंपन्यांनी आपल्या संकेतस्थळावर जाहीर केलेल्या दरांच्या पट्ट्यात तिकिटे विकली जातात की नाही, हे तो पाहतो. पण हा पट्टाच इतका रुंद असतो, की हंगामातील चढे दरही त्यात बसतात.

अपवादात्मक परिस्थितीत सरकारने मर्यादा घातली आहे. करोनाकाळात २५ मे २०२० ते ३१ ऑगस्ट २०२२ या काळात दरांची किमान किंवा कमाल बंधने होती. डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाल्यावर अंतरानुसार तात्पुरती कमाल मर्यादा आली. ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, एक हजार किलोमीटरपर्यंत १२ हजार, दीड हजारपर्यंत १५ हजार आणि त्यापुढे १८ हजार. कर आणि विमानतळ शुल्क वेगळे. हे आकडेच सांगतात, की सरकारी मर्यादा हे स्वस्त तिकीट नव्हे. ती अडचणीतील लुटीला घातलेला बांध असते. दरवर्षीच्या सुट्टीसाठी तिच्यावर विसंबून राहता येत नाही.

तिकीट नेमके कधी काढावे?

मंगळवारी मध्यरात्री तिकीट काढले की स्वस्त पडते, वारंवार शोधले की कंपनी दर वाढवते, ब्राउझरच्या खासगी खिडकीत कमी दर दिसतो, अशा समजुती पसरलेल्या आहेत. त्यांना ठोस आधार नाही. पुन्हा पाहताना दर वाढलेला दिसतो तो बहुधा मधल्या काळात स्वस्त आसने विकली गेल्याने किंवा तुलना करणाऱ्या ॲपवरचा दर जुना असल्याने.

खरा फरक पडतो तो रेल्वे आणि विमान यांच्या वेळापत्रकातील तफावतीमुळे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आले. १० मेच्या गाडीचे आरक्षण ११ मार्चला खुले होते. विमानाची तिकिटे मात्र कित्येक महिने आधीपासून विक्रीला असतात. अनेक कुटुंबे आधी रेल्वेचे पाहतात, प्रतीक्षा यादी हलत नाही म्हणून एप्रिलमध्ये विमानाकडे वळतात आणि तोवर स्वस्त टप्पे संपलेले असतात.

म्हणून क्रम उलटा ठेवणे फायद्याचे. मेमधील प्रवासासाठी फेब्रुवारीतच विमानाचे दर पाहायला सुरुवात करावी. गूगल फ्लाइट्स किंवा स्कायस्कॅनरवर मार्ग आणि तारीख टाकून दराची सूचना लावून ठेवता येते. दोन-तीन आठवडे पाहिले, की त्या मार्गाचा नेहमीचा दर लक्षात येतो. मार्चमध्ये रेल्वे आरक्षण खुले होईल तेव्हा वातानुकूलित डब्याचे भाडे आणि विमानाचा दर समोरासमोर ठेवून निर्णय घेता येतो. शाळेच्या सुट्टीत ‘शेवटच्या क्षणी स्वस्त मिळेल’ ही आशा सहसा महागात पडते.

कोणत्या तारखा स्वस्त पडतात?

गर्दी एका दिशेने असते, हे लक्षात ठेवावे. मेच्या पहिल्या आठवड्यात मुंबईतून बाहेर जाणारी विमाने भरलेली असतात, तर शाळा सुरू होण्याआधीच्या आठवड्यात मुंबईकडे येणारी. मुलांची परीक्षा लवकर संपत असेल, तर १ मेच्या जोडसुट्टीआधी निघून मेच्या दुसऱ्या आठवड्यात परतणे तुलनेने स्वस्त पडू शकते. शुक्रवार संध्याकाळ, शनिवार सकाळ आणि रविवारचा परतीचा प्रवास महाग, तर मंगळवार आणि बुधवारची दुपार स्वस्त, असा कल सर्वसाधारणपणे दिसतो.

दक्षिणेकडे जाणाऱ्यांसाठी गणित थोडे वेगळे आहे. केरळमधील शाळा एप्रिल-मेमध्ये बंद असतात आणि जूनच्या सुरुवातीला उघडतात. पनवेल आणि नवी मुंबईत मोठ्या संख्येने असलेली मल्याळी कुटुंबे याच काळात गावी जातात. मात्र जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तिथल्या शाळा उघडलेल्या असतात, इथल्या नसतात. पावसाची तयारी असेल, तर हा मधला काळ पाहण्यासारखा.

देशांतर्गत मार्गांवर जाण्या-येण्याचे तिकीट म्हणजे बहुधा दोन एकेरी तिकिटांची बेरीज असते. त्यामुळे जाताना एक कंपनी आणि येताना दुसरी, जाताना नवी मुंबई आणि येताना मुंबई अशी जुळणी करायला हरकत नाही. परदेश प्रवासात मात्र अनेक कंपन्यांचे जाण्या-येण्याचे एकत्रित तिकीट दोन एकेरी तिकिटांपेक्षा स्वस्त असते.

नवी मुंबई की मुंबई, कुठून निघावे?

नवी मुंबई विमानतळ पनवेल तालुक्यातच आहे. पनवेल शहरापासून तो सुमारे दहा किलोमीटरवर, तर मुंबईचा विमानतळ चाळीस किलोमीटरहून दूर. सायन-पनवेल महामार्गावरील कोंडी आणि त्यासाठी हाताशी ठेवावे लागणारे दोन-अडीच तास नव्या विमानतळामुळे वाचतात. तरीही जवळचा विमानतळ स्वस्तच असेल असे नाही.

याचे कारण प्रवासी विकास शुल्क, म्हणजे यूडीएफ. विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरणाने नवी मुंबईसाठी सुरुवातीचे तात्पुरते शुल्क मंजूर केले ते देशांतर्गत प्रवाशाला निघताना ६२० आणि उतरताना २७० रुपये. मुंबईत मे २०२५ पासून लागू झालेले शुल्क निघताना १७५ आणि उतरताना ७५ रुपये होते. या दरांनी एका प्रवाशाला जाऊन-येऊन ६४० रुपयांचा फरक पडतो. चौघांच्या कुटुंबाला २,५६० रुपयांचा. यावर कर वेगळा. हे शुल्क तिकिटाच्या एकूण रकमेत मिळवलेले असते आणि ठरावीक काळाने बदलते. त्यामुळे पैसे भरण्याआधी भाड्याच्या तपशिलात त्याचा चालू आकडा पाहावा.

आता दुसरी बाजू. टॅक्सीचे भाडे गाडीमागे असते, विमानतळ शुल्क माणसामागे. एकट्या प्रवाशाला मुंबईपर्यंत टॅक्सीने जायचे, तर त्याचा जादा खर्च ६४० रुपयांच्या फरकापेक्षा सहज जास्त होतो. त्याला तिकिटाचा मूळ दर सारखा असेल, तर नवी मुंबई फायद्याची. चौघे जण एकाच टॅक्सीतून जाणार असतील, तर टॅक्सीतली बचत आणि शुल्कातला फरक एकमेकांच्या जवळ येतात. तेव्हा मूळ दरातील थोडासा फरकही पारडे फिरवतो.

सार्वजनिक वाहतुकीने जाणाऱ्याचा हिशेब आणखी वेगळा. पनवेलहून लोकलने सीएसएमटी आणि तिथून ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण झालेल्या मेट्रो-३ ने थेट मुंबई विमानतळाच्या टर्मिनलपर्यंत थोड्या पैशांत पोहोचता येते. सामान कमी आणि वेळ गर्दीची नसेल, तर हा पर्याय चांगला. नवी मुंबई विमानतळासाठी बेलापूरला गाडी बदलून उरण मार्गावरील तरघर स्थानक जवळ पडते.

वेळेचाही विचार करावा. मुंबईहून पहाटेचे उड्डाण स्वस्त दिसते, पण त्यासाठी पनवेलहून मध्यरात्री टॅक्सी करावी लागते. नवी मुंबई विमानतळ सुरुवातीला सकाळी आठ ते रात्री आठ या वेळेतच आणि मोजक्या शहरांसाठी सुरू झाला. हव्या त्या मार्गावर तिथून किती कंपन्या जातात, हे आधी पाहावे. एकच कंपनी असेल, तर मुंबईतील स्पर्धेमुळे तिथला दर कमी असू शकतो.

पुण्याचा पर्याय कितपत उपयोगी?

पुण्याचा लोहगाव विमानतळ पनवेलहून शंभर किलोमीटरहून जास्त दूर आहे. द्रुतगती मार्गाचा टोल, टॅक्सीचे भाडे आणि सुट्टीत घाटात होणारी कोंडी धरली, तर दरात मोठा फरक असल्याशिवाय तिथे जाणे परवडत नाही. पुण्यात नातेवाईक असतील, आदल्या दिवशी रेल्वेने किंवा एसटीने जाऊन मुक्काम करणे शक्य असेल, तेव्हाच हा पर्याय तपासावा.

तिकीट काढताना विमानतळाचा संकेत नीट वाचणेही आवश्यक. मुंबईसाठी ‘बीओएम’ आणि नवी मुंबईसाठी ‘एनएमआय’. अनेक ॲपवर ‘मुंबई’ असा शोध घेतला, की दोन्हींची उड्डाणे एकाच यादीत दिसतात. परतीचे विमान वेगळ्या विमानतळावर उतरत असेल, तर एका ठिकाणी उभी केलेली गाडी आणि दुसरीकडे उतरलेले कुटुंब अशी अवस्था होते. जोडउड्डाण करताना एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून निघायचे तिकीट तर शक्यतो टाळावेच.

मुक्कामाच्या जवळचा विमानतळ बदलला तर?

अनेकदा खरी बचत याच टोकाला असते. मनालीसाठी कुल्लूजवळचा भुंतर विमानतळ जवळ असला, तरी तिथे लहान विमाने आणि मोजकी आसने असतात. चंदीगडपर्यंत विमानाने आणि पुढे बसने जाणे सहसा स्वस्त पडते. काश्मीरसाठी जम्मूपर्यंत विमान आणि कटऱ्याहून वंदे भारतने श्रीनगर हा मार्ग जून २०२५ पासून खुला झाला आहे. दार्जिलिंगसाठी बागडोगऱ्याचे दर चढे असतील, तर कोलकात्यापर्यंत विमान आणि पुढे रात्रीच्या रेल्वेने न्यू जलपायगुडी गाठता येते. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. सावंतवाडी परिसरात जाणाऱ्यांना मोपा सोयीचा. केरळमध्ये कण्णूर, कोझिकोड, कोची आणि तिरुवनंतपुरम अशा चार ठिकाणांचे दर पाहता येतात.

मात्र पुढच्या प्रवासाचे भाडे, वाटेतला मुक्काम आणि लहान मुले-ज्येष्ठांची दमछाक या हिशेबात धरली पाहिजे. विमान आणि रेल्वे यांच्यामध्ये पुरेसा वेळ ठेवावा. विमान उशिरा आल्याने गाडी चुकली, तर विमान कंपनी त्या रेल्वे तिकिटाची भरपाई देत नाही.

सर्वांत कमी दराचे तिकीट महाग कधी पडते?

यादीत सर्वांत वर दिसणाऱ्या दरात काय नाही, ते पाहावे. देशांतर्गत इकॉनॉमी तिकिटावर साधारणपणे १५ किलोची चेक-इन बॅग आणि ७ किलोची हातातील बॅग नेता येते. पण काही कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त तिकिटात चेक-इन बॅग धरलेली नसते. दोघांसाठी चार दिवसांच्या सहलीला ते चालते. गावाहून आंबे, फणस घेऊन परतणाऱ्या कुटुंबाला चालत नाही. जादा वजनाचे पैसे विमानतळावर भरण्यापेक्षा आधी ऑनलाइन भरलेले बरे.

आसन निवडण्याचे शुल्क, जेवण, विमा, प्राधान्याने चेक-इन हे सगळे ऐच्छिक असते. ॲपवर त्यांपैकी काही आधीच निवडलेले नाही ना, हे तपासावे. तुलनेसाठी ॲप वापरले, तरी पैसे भरण्याआधी तेच उड्डाण कंपनीच्या संकेतस्थळावर पाहावे. सुविधा शुल्कामुळे शेवटच्या पानावरचा आकडा वेगळा निघतो. ज्येष्ठ नागरिक, विद्यार्थी आणि सैन्यदलातील कर्मचाऱ्यांसाठी काही कंपन्या मूळ भाड्यात सवलत देतात. ती शोध घेतानाच निवडावी लागते आणि प्रवासाच्या वेळी ओळखपत्र दाखवावे लागते.

तिकीट रद्द करावे लागले तर किती पैसे परत मिळतात?

लवकर तिकीट काढण्यातील मोठी भीती हीच असते. डीजीसीएच्या नियमांनुसार रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेहून जास्त घेता येत नाही. वैधानिक कर आणि विमानतळ शुल्क परत द्यावेच लागते. तिकीट ‘विनापरतावा’ असले किंवा प्रवासी विमानतळावर गेलाच नाही, तरीही. नवी मुंबईहून चौघांचे जायचे तिकीट वाया गेले, तर वर दिलेल्या दराने निव्वळ यूडीएफचेच २,४८० रुपये होतात. अनेक जण ते मागतच नाहीत. तिकीट काढल्यावर किमान २४ तासांत विनाशुल्क रद्द किंवा दुरुस्त करण्याची सोयही नियमांत आहे. उड्डाण अगदी जवळ आलेले असेल, तर ती मिळत नाही.

उड्डाण कंपनीने रद्द केले, तर दुसरे उड्डाण किंवा पूर्ण परतावा यांतील निवड प्रवाशाची. परताव्याऐवजी कंपनीकडे रक्कम जमा ठेवण्याची सक्ती करता येत नाही. तक्रार आधी कंपनीकडे आणि दाद न मिळाल्यास केंद्राच्या एअरसेवा पोर्टलवर करता येते. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या काळात उत्तर आणि पश्चिम भारतातील ३२ विमानतळ काही दिवस बंद होते. ऐन सुट्टीत हजारो कुटुंबांचे बेत कोलमडले. अशा वेळी विमानाचे पैसे परत मिळतात, हॉटेलचे मिळतीलच असे नाही. म्हणून हॉटेलचे आरक्षणही रद्द करता येईल असेच घ्यावे.

मग हिशेब कसा मांडायचा?

कागदावर तीन रकाने करावेत. नवी मुंबई, मुंबई आणि गरज असल्यास पुणे. प्रत्येकात करांसह तिकिटाची अंतिम रक्कम, सामानाचे पैसे, घरापासून विमानतळापर्यंत आणि परतीचा खर्च, तसेच उतरल्यावर मुक्कामापर्यंतचे भाडे लिहावे. तारीख एक-दोन दिवस मागे-पुढे करून तोच हिशेब पुन्हा मांडावा. अर्ध्या तासाचे हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये केले, तर निवड हातात राहते. एप्रिलअखेरीस केले, तर जे शिल्लक असेल ते घ्यावे लागते. पनवेलकरांच्या दारात विमानतळ आल्याने वेळ नक्की वाचतो. पैसे वाचतील की नाही, हे मात्र किती माणसे, कोणती तारीख आणि किती सामान यांवर ठरेल.